कापलेला पैसा परत कोणी मागायचा?

नागपूरच्या संविधान चौकाला जुने नागपूरकर अजूनही आरबीआय चौक म्हणतात. रिझर्व्ह बँकेची इमारत तिथे आहे आणि सीताबर्डीचा बाजार तिथून पायी जाण्याइतका जवळ. पण बर्डीच्या फुटपाथवर रुमाल-मोजे विकणाऱ्या माणसाच्या पासबुकात दोनशे रुपये कापल्याची नोंद छापून येते, तेव्हा ही जवळीक त्याच्या काही कामाची नसते. आधी स्वतःच्या बँकेत लेखी तक्रार द्यायची आणि उत्तरासाठी तीस दिवस वाट पाहायची. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे. २०२१ च्या एकात्मिक योजनेपासून ही तक्रार पोर्टलवर भरावी लागते, नाहीतर ईमेलने किंवा टपालाने चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या केंद्रात पाठवावी लागते. दोनशे रुपयांसाठी धंद्याचा एक दिवस बुडवायचा का, हा हिशेब तो माणूस मनातल्या मनात करतो आणि पासबुक मिटून टाकतो.

नियम नाहीत असे मुळीच नाही. बँकांनी किती शुल्क आकारायचे हे १९९९ पासून त्यांच्या संचालक मंडळांवर सोपवलेले आहे, पण त्यालाही मर्यादा आहेत. २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने बचत खात्यातल्या मिनिमम बॅलन्सच्या दंडाला अटी घातल्या. शिल्लक कमी झाली की बँकेने आधी ग्राहकाला कळवायचे. ती भरून काढायला किमान महिनाभर द्यायचा. दंड तुटीच्या प्रमाणात हवा. आणि केवळ दंडामुळे खाते उणे शिलकीत जाता कामा नये. एसएमएसचे पैसे प्रत्यक्ष वापरावरच घ्यावेत, हे तर २०१३ मध्येच सांगितले गेले होते. यातली एखादी अट मोडून कापलेला पैसा हा ग्राहकाचा हक्काचा पैसा आहे. तो मागताना विनवणी करण्याचे कारण नाही.

एकेका खात्यातली रक्कम लहान असते, बेरीज लहान नसते. स्टेट बँकेने एप्रिल २०१७ मध्ये हा दंड पुन्हा सुरू केला आणि नोव्हेंबरपर्यंतच्या आठ महिन्यांत १,७७१ कोटी रुपये गोळा केले. त्या वर्षी जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत बँकेला झालेल्या नफ्यापेक्षा ही रक्कम मोठी होती. ऑगस्ट २०२३ मध्ये तेव्हाचे अर्थ राज्यमंत्री भागवत कराड यांनी राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार, २०१८ पासून सरकारी आणि मोठ्या खासगी बँकांनी मिनिमम बॅलन्सच्या दंडातून २१,००० कोटींहून अधिक रक्कम मिळवली.

हा पैसा दिला कोणी? ज्याच्या खात्यात भरपूर शिल्लक असते, त्याला हा दंड कधीच बसत नाही. तो बसतो महिनाअखेरीस खाते रिकामे होणाऱ्याला.

शाखा, एटीएम, कर्मचारी यांचा खर्च बँकेला असतो आणि सेवेचे मोल घेणे गैर नाही. मात्र त्याच परिपत्रकात दंड वाजवी असावा, सेवेच्या सरासरी खर्चाशी विसंगत नसावा, असेही म्हटले आहे. तो सरासरी खर्च किती, हे ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या दरपत्रकात छापलेले नसते. मग दंड वाजवी की अवाजवी, हे ग्राहकाने ठरवायचे कशावरून?

लोकपालाची वाटही इथे थांबते. नियम मोडला असेल तर तो दाद देतो, पण शुल्काचा दर हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि तसा निर्णय त्याच्या कक्षेबाहेर आहे. ब्रिटनमध्ये याच भिंतीवर एक मोठी मोहीम आपटली. खात्यातल्या रकमेपेक्षा जास्त खर्च झाल्यावर बसणारे शुल्क तिथल्या हजारो ग्राहकांनी २००६ च्या सुमारास परत मागायला सुरुवात केली आणि अनेकांना ते मिळालेही. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. हे शुल्क म्हणजे सेवेच्या किमतीचाच भाग, त्यामुळे ग्राहक करारांच्या नियमांखाली त्याची रक्कम रास्त की अवास्तव हे तपासता येत नाही, असा निकाल २५ नोव्हेंबर २००९ रोजी बँकांच्या बाजूने लागला.

आपल्याकडे दर खाली आले ते लोकांनी आवाज उठवल्यावर. टीकेची झोड उठली तेव्हा स्टेट बँकेने २०१८ मध्ये दंड कमी केला आणि मार्च २०२० मध्ये सर्व बचत खात्यांवरून तो काढून टाकला. २०२५ च्या उन्हाळ्यापासून कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा यांनी तीच वाट धरली. त्याच ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरांतल्या नव्या ग्राहकांसाठी किमान शिल्लक ५०,००० रुपये केली आणि गदारोळ होताच काही दिवसांत १५,००० वर आणली. पण दर पुढच्यासाठी उतरतो, आधी कापलेले त्याने परत येत नाही.

त्यासाठी मुंबईच्या आयआयटीतले संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास यांनी मांडलेला हिशेब पाहावा. स्टेट बँकेने २०१७ ते २०२० या काळात मूलभूत बचत खात्यांवर, ज्यात जनधनची खातीही येतात, महिन्याच्या चार मोफत व्यवहारांनंतर यूपीआय आणि रुपेच्या प्रत्येक व्यवहाराला १७.७० रुपये कापले. अशी २५४ कोटींहून अधिक रक्कम जमा झाली. १ जानेवारी २०२० नंतर डिजिटल व्यवहारांवर घेतलेले शुल्क परत करा, असे प्रत्यक्ष कर मंडळाने ३० ऑगस्ट २०२० रोजी बँकांना सांगितले. तेव्हा सुमारे ९० कोटी परत गेले, उरलेले १६४ कोटी बँकेकडेच राहिले.

या ९० कोटींसाठी कोणा खातेदाराला चंदीगडला पत्र धाडावे लागले नाही. कोणाकडून किती घेतले, हे बँकेच्या संगणकाला ठाऊकच होते. एटीएममधून नोटा न येता खात्यातून रक्कम वजा झाली, तर ती पाच दिवसांत परत जमा व्हावी, उशिराच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळावी आणि तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. हेच तत्त्व शुल्काला लावायला हवे. एका खात्यात नियमबाह्य कपात सिद्ध झाली, की तशाच पद्धतीने कापल्या गेलेल्या प्रत्येक खात्यात बँकेने आपणहून व्याजासह पैसे भरावेत. जी यंत्रणा न विचारता कापू शकते, तिला न मागता परत करणे अवघड नाही.

तसा नियम येईपर्यंत मागणे ग्राहकालाच भाग आहे. कपातीचे कारण बँकेकडून लेखी घ्यावे, आधी सूचना कधी दिली होती ते विचारावे, तक्रारीची पोच जपून ठेवावी. लोकपालाकडे जायला फी नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना तिथे शुल्क पडत नाही. चंदीगडच्या केंद्रात टपालाने आलेली तक्रार कोणत्याही भाषेत चालते. बर्डीच्या त्या विक्रेत्याने ती साध्या मराठीत, पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स जोडून पाठवली, तरी ती घ्यावी लागते.