सारखं आभाळ

दिल्लीच्या जानेवारीत असे दिवस येतात की दुपारी बारा वाजतासुद्धा सूर्य कुठे आहे ते सांगता येत नाही. ढगाला कड नसते, फट नसते, गडद-फिकट असा भेद नसतो. अशा दिवसाला पहारगंज-करोलबागेतल्या मराठी घरात ‘मळभ आलंय’ म्हणतात. शेजारी ‘कोहरा’ किंवा ‘धुंध’ म्हणतात. तापमान पुरेसं उतरलं तर हवामान खात्याच्या पत्रकात ‘शीत दिवस’ येतो, आणि त्याच घरातलं शाळकरी मूल एनसीईआरटीच्या भूगोलात ‘स्तरी मेघ’ पाठ करत असतं. एका राखी छताखाली इतके शब्द नांदतात, आणि प्रत्येक शब्द वेगळ्या काळातून आलेला आहे. जे सगळीकडे सारखंच दिसतं त्याला नाव कशावरून द्यायचं, हा त्या सगळ्यांमागचा प्रश्न आहे. त्याची उत्तरं शतकागणिक बदलत गेली, आणि मला ती एकमेकांना खोडणारी वाटत नाहीत.

संस्कृतातली ढगाची नावं पाहिली की आधी पाणी दिसतं. अमरकोशात मेघाचे पर्याय ओळीनं दिले आहेत: जलधर, वारिवाह, वारिद, अंबुभृत्, धाराधर. पाणी धरणारा, वाहणारा, देणारा. कृषिपराशरात आवर्त, संवर्त, पुष्कर आणि द्रोण असे चार मेघ सांगितले आहेत, ते पावसाच्या हिशेबासाठी. शेतावर जगणाऱ्या समाजानं ढगाला त्याच्या देण्यावरून ओळखावं यात नवल नाही. पण ज्याला आकार नाही आणि जो धड बरसतही नाही, अशा पसरलेल्या ढगाचं काय? तिथे अमरकोश ढगाला सोडून दिवसालाच नाव देतो. ढगांनी झाकलेला दिवस म्हणजे दुर्दिन. मराठीत दुर्दिन आज माणसाच्या वाट्याला येतात, आभाळाचा त्यांच्याशी संबंध उरलेला नाही. अर्थातला ढग विरून गेला आणि त्यानं मनावर टाकलेली छाया तेवढी शब्दात राहिली.

मळभ हा शब्दही त्याच जातीचा. मल आणि अभ्र यांतून तो घडला असं मानतात. त्याचं व्याकरण पाहण्यासारखं आहे. ढग मोजता येतात, मळभ मोजता येत नाही. ‘ते बघ एक मळभ’ असं कुणी बोट दाखवून म्हणत नाही. मळभ येतं, दाटतं, सरतं. ती वस्तू नाही, आभाळाची अवस्था आहे, आणि म्हणूनच ते मनावरही इतक्या सहज येतं. त्याचे शेजारी शब्द तितकेच नेमके आहेत. हवा कुंद असते तेव्हा नुसता ढग पुरत नाही, वाराही पडलेला लागतो. झाकोळ म्हणजे उजेड मंदावणं. आणि विदर्भ-मराठवाड्यात अशाच आभाळाखाली दिवसच्या दिवस पाऊस थांबत नाही, तेव्हा ‘झड लागली’ म्हणतात. स्तरमेघांच्या वर्तनाचं इतकं बारीक निरीक्षण शास्त्राच्या आधीच भाषेनं करून ठेवलं होतं. मात्र ते सगळं जमिनीवर उभं राहून, आपल्या अंगाला आणि कामाला काय लागतं त्यावरून केलेलं होतं.

ढगाकडे निव्वळ रूप म्हणून पाहायची पद्धत फार अलीकडची. १८०२ च्या डिसेंबरात लंडनच्या आस्केशियन सोसायटी या लहानशा मंडळापुढे ल्यूक हॉवर्ड या औषधं बनवणाऱ्या तरुणानं एक निबंध वाचला. ढग क्षणाक्षणाला बदलतात हे खरं, पण ते मोजक्या रूपांतच बदलतात, असं त्याचं म्हणणं. केसांसारखा तो सिरस, ढिगासारखा तो क्युम्युलस, पसरलेला तो स्ट्रेटस. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लामार्कनंही ढगांची वर्गवारी मांडली होती, पण त्याची नावं फ्रेंच होती, ती टिकली नाहीत. हॉवर्डनं लॅटिन निवडली, आणि ती कुणाचीच घरची भाषा नसल्यामुळे सगळ्यांना चालली. जर्मन कवी गटेनं तर त्याच्या सन्मानार्थ कविता लिहिल्या.

हॉवर्डचा मूळ स्ट्रेटस आज विसरला गेला आहे. त्याच्या लेखी स्ट्रेटस म्हणजे जमिनीला टेकलेला, रात्री दरीखोऱ्यांतून आणि पाण्यावरून उठणारा, खालून वर वाढणारा सलग आडवा थर. म्हणजे आपण ज्याला धुकं म्हणतो तेच. पुढे १८९६ साली पहिला आंतरराष्ट्रीय मेघ-संग्रह निघाला तोवर स्ट्रेटस वर सरकला होता: जमिनीवरून उचललं गेलेलं धुकं अशी त्याची ओळख झाली. त्यानंतर धुकं आणि ढग यांची दप्तरं वेगळी झाली. दिल्लीकराला मात्र हॉवर्डचं म्हणणं सकाळी दहाच्या सुमाराला रोज पटू शकतं. रस्त्यावरचं धुकं उठतं, इमारतींच्या माथ्यांवर जाऊन थांबतं, आणि तेच दिवसभराचं मळभ होतं.

स्ट्रेटस हा शब्द पसरणं या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आला, आणि त्याच मुळाचा संस्कृत धातू स्तृ. त्यातून स्तर, आस्तरण. प्राकृतातून खाली येत स्तराचा आपला थर झाला. इराणी शाखेतून फारसीत आणि तिथून आपल्याकडे आले ते बिस्तर आणि कोटाच्या आतलं अस्तर. तेव्हा ‘स्तरमेघ’ म्हणजे परक्या शब्दाचं ओढूनताणून केलेलं मराठी नव्हे. दूरदेशी गेलेल्या भावाला त्याच्या इथल्या भावानं ओळखलं, असं ते झालं आहे.

हॉवर्डनंतर उरलेली शंका मोठी होती. लंडनच्या आभाळावरून पाडलेले वर्ग उष्ण कटिबंधात, समुद्रावर, पर्वतांत लागू पडतात का? राल्फ ॲबरक्रोम्बी या हवामानशास्त्रज्ञानं या शंकेसाठी जगप्रवास केला आणि १८८७ मध्ये निबंध लिहिला. ढगांची रूपं जगभर एकच आहेत, हा त्याचा निष्कर्ष. पण त्याच निबंधात दुसरी बाजूही होती: रूप एकच असलं तरी त्यावरून वर्तवायचं हवामान ठिकाणागणिक बदलतं. पुढे उप्सालाच्या हिल्डेब्रँडसन यांच्यासोबत त्यानं दहा प्रकारांची यादी सुचवली आणि तिच्यातून १८९६ चा संग्रह उभा राहिला. सारखेपणाच्या कल्पनेच्या इतिहासात हे वळण मला फार महत्त्वाचं वाटतं. ढग सारखा असणं आणि त्या ढगाचा अर्थ सारखा असणं या दोन गोष्टी तिथे प्रथम स्वच्छ वेगळ्या झाल्या.

आपली भाषा या बाबतीत कमी सूक्ष्म नाही. ‘सारखा’ हा शब्दच घ्या. सदृक्ष या संस्कृत शब्दातून प्राकृतमार्गे तो आला, तेव्हा त्यात दिसण्यातलं साम्य होतं. मराठीत त्याला आणखी दोन अर्थ फुटले. ‘सारखा पाऊस पडतोय’ म्हणताना आपण न थांबणं सांगतो, आणि ‘चादर सारखी कर’ म्हणताना सपाट, बिनसुरकुतीची. जे एकमेकांसारखं ते सारखं, जे खंडत नाही ते सारखं, जिथे उंचवटा नाही ते सारखं. स्तरमेघाचं वर्णन करायला एवढा एकच शब्द पुरावा. शिवाय ‘एकजिनसी’ आणि ‘एकसुरी’ या दोन शब्दांत आपण पसंती-नापसंतीही नोंदवून ठेवली आहे: मिश्रण एकजिनसी झालं तर चांगलं, गाणं एकसुरी झालं तर वाईट.

स्वातंत्र्यानंतर सारखेपणाचा प्रश्न दिल्लीत शब्दांनाच विचारला गेला. हवामान खातं १८७५ साली कलकत्त्यात स्थापन झालं. त्याचं मुख्यालय पुढे शिमल्याला आणि १९२८ साली पुण्याला आलं. पुण्यातली त्याची इमारत म्हणूनच आजही ‘सिमला ऑफिस’. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं. १९६१ मध्ये वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाची स्थापना झाली, आणि भारतीय भाषांतल्या पारिभाषिक संज्ञा शक्य तितक्या समान असाव्यात, त्यासाठी संस्कृत धातूंचा आधार घ्यावा, असं धोरण ठरलं. हेतू मोठा होता. तरी हिंदीत स्तरी मेघ आणि मराठी ग्रंथांत स्तरमेघ. हिंदीत कपासी मेघ तर मराठीत राशिमेघ. कापूस आठवला एका भाषेला, धान्याची रास आठवली दुसरीला, आणि महाराष्ट्राच्या शाळेतल्या मुलांसमोर तर बहुधा सिरस आणि स्ट्रेटसच येतात. यात मला अपयश दिसत नाही. त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा: परिभाषा घडवताना मळभ, कुंद, झड हे शब्द कुणी नाकारले असंही नाही, ते विचारातच घेतले गेले नाहीत. ते घरगुती ठरले आणि घरातच राहिले.

‘स्तर’ या शब्दानं मात्र दिल्लीत भलताच प्रवास केला. हिंदीत त्याचा रोजचा अर्थ पातळी असा आहे. हिवाळ्यात दर सकाळी वर्तमानपत्रात ‘प्रदूषण का स्तर’ छापून येतो. मराठीत आपण प्रदूषणाची पातळी म्हणतो आणि स्तर हा शब्द थरासाठी राखतो, समाजातल्याही. आणि समाजातला स्तर आला की आभाळातला अर्थ उलटा होतो. ढगाचा स्तर म्हणजे सारखेपणा, समाजाचे स्तर म्हणजे विषमता. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती: ज्या मजल्यावर जन्मावं त्याच मजल्यावर मरावं. एकाच मजल्यावरची माणसं एकमेकांसारखी असणं ही समता नव्हे. मजल्यांमधली वाट बंद असणं ही खरी व्यथा. हवेचं शास्त्रही थराबद्दल हेच सांगतं. दिल्लीच्या हिवाळी रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते, वर उबदार हवेचा थर बसतो. उंचीबरोबर तापमान उतरायचं ते चढू लागतं. मग खालची हवा वर जात नाही, वरची खाली येत नाही. धूर, वाफ, धूळ तळाशी अडकून राहतात. तो शांत, सपाट, सारखा दिसणारा थर देवाणघेवाण थांबल्याची खूण असतो. अमरकोशातलं ढगाचं एक नाव धूमयोनी, धुरातून जन्मलेला. दिल्लीच्या धुक्याचे थेंब धुराच्या कणांवरच धरतात, तेव्हा ते नाव शब्दशः खरं ठरतं.

उपग्रहाच्या चित्रात हे धुकं पंजाबपासून बिहारपर्यंत एकच पांढरा पट्टा दिसतं. खाली उतरल्यावर मात्र पालमला काहीच दिसत नाही आणि दहा-बारा किलोमीटरवरच्या सफदरजंगला शेजारची इमारत दिसते, असं अनेकदा घडतं. म्हणून खात्यानं त्या सारखेपणाला मापं लावली. दृश्यता एक किलोमीटरच्या आत आली की धुकं, पाचशे मीटरच्या आत मध्यम, दोनशेच्या आत दाट, पन्नासच्या आत अतिदाट. धावपट्टीवर विमानांना या आकड्यांवरच उतरू द्यायचं की नाही ते ठरतं. २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं हवामान खात्याच्या आणि नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राच्या सोबतीनं इंदिरा गांधी विमानतळावर धुक्याचा अभ्यास मांडला. थेंब किती मोठे, कोणत्या कणांवर धरले, जमिनीतून उष्णता किती निघाली, थर किती जाड झाला, याची नोंद होऊ लागली. पुण्याची माणसं दिल्लीच्या धुक्यात उभी राहून, एका पांढऱ्या रंगाच्या आत किती वेगवेगळं घडतं ते वाचू लागली.

मला मराठीसाठी यातून एक साधी गोष्ट हवी आहे. निरीक्षक आकाशाचे आठ भाग कल्पतो आणि त्यातले किती झाकले आहेत ते लिहितो. आठांपैकी तीन झाकलेले असोत की सात, मराठी बातमीत सहसा ‘ढगाळ’ हा एकच शब्द येतो. आठही भाग एकाच सलग थरानं भरले असतील तर तिथे ‘मळभ’ लिहावं. वाराही पडला असेल तर ‘कुंद’, आणि त्याच थरातून दोन दिवस पाऊस खंडला नसेल तर ‘झड’. शास्त्रीय नोंदीत स्तरमेघ असू द्या, तो जगाशी बोलण्यासाठी लागतो. पण अकोल्याच्या शेतकऱ्यानं फवारणी आज करावी की थांबावं, हे ठरवताना त्याच्या कानावर झड हा शब्द पडला पाहिजे.