परतीचा प्याला

प्रवासाचें सुख कोणाचें, असा प्रश्न केला तर बहुतेक लोक उत्तर देतील, ‘जो हिंडला त्याचें.’ पैसा त्यानें वेंचिला, पाय त्याचे दुखले, डोळे त्याचे निवाले; मग त्या सुखांत दुसरा वांटेकरी कसा? हें उत्तर बिनतोड दिसतें. परंतु जपानांतील एका जुन्या चालीकडे पाहिलें म्हणजे त्याविषयीं शंका येऊं लागते.

एदो काळांत, म्हणजे १६०३ पासून १८६८ पर्यंत, इसे येथील देवस्थानाची यात्रा आयुष्यांत एकदां तरी घडावी, अशी तेथील सामान्य जनांची आस असे. एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, तेथें पायीं जावयास सुमारें पंधरा दिवस लागत. गरीब शेतकऱ्यास हा खर्च कोठून झेपणार? म्हणून गांवोगांवीं ‘को’ नांवाच्या मंडळ्या असत. सभासद थोडी थोडी वर्गणी सांठवीत आणि चिठ्ठ्या टाकून ज्यांचीं नांवें निघत, ते सर्वांच्या वतीनें यात्रेस जात. परततांना ते घरोघरच्या देव्हाऱ्यांसाठीं देवनामाच्या पट्ट्या आणीत. मंडळी त्यांना गांवाच्या शिवेपर्यंत सामोरी जाई व तेथें साके, म्हणजे तांदळाचें मद्य, आणि फराळ यांनीं त्यांचें स्वागत होई. या चालीस ‘साकामुकाए’ म्हणतात. काशीयात्रेनंतर मावंदें घालणाऱ्या आपल्या समाजास तिचा भाव सहज उमगेल.

तथापि एक भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. मावंदें यात्रेकरू घालतो. येथें प्याला घेऊन येतात ते मागें राहिलेले. ज्याची चिठ्ठी निघाली नाहीं, त्याच्या मनांत मत्सराचा कांटा राहणें अस्वाभाविक नाहीं. तोच मनुष्य जेव्हां परतलेल्याचा प्याला भरतो, तेव्हां ‘तुझें जाणें मला मान्य आहे’ असें तो न बोलतां सांगतो. आणि परतलेला तो स्वीकारून आपलें ऋण कबूल करतो. जपानी शिष्टाचारांत स्वतःचा प्याला स्वतः भरीत नाहींत; शेजाऱ्यानें आपला भरावा, आपण त्याचा भरावा. सुखाकरितां दुसऱ्याच्या हाताकडे पाहावें लागणें, हेंच या चालीचें मर्म आहे.

कोणी म्हणेल, हें मद्यपानास गोंडस नांव देणें झालें. आक्षेप खोटा नव्हे. साक्यांत शेंकडा पंधराच्या सुमारास मद्यार्क असतो. स्नेहाचें निमित्त झाल्यानें त्याचा अंमल कमी होत नाहीं, आणि आग्रहापुढें नको म्हणणें तर अधिकच कठीण होतें. परंतु भरलेला प्याला तसाच राहूं दिला, तर पुरें झालें असें समजून शहाणा सोबती पुन्हां ओतीत नाहीं. जो आग्रह ही खूण ओळखीत नाहीं, त्यास स्नेह म्हणणें व्यर्थ होय.

आज आपण स्वतःच्या पैशानें हिंडतों आणि म्हणून कोणाचेंही देणें लागत नाहीं असें मानतों. पण मागें घर कोणीं राखिलें? आजारी आईच्या उशाशीं कोण बसलें? कचेरींतलें आपलें काम कोणीं उरकलें? त्यांची चिठ्ठी अद्याप निघालेली नाहीं. परत आल्यावर प्याला साक्याचा असो कीं चहाचा, त्यांच्याबरोबर बसून तो घ्यावा. आणि प्रवासाच्या गोष्टी सांगूं लागण्यापूर्वीं, मागें तुमचे दिवस कसे गेले, हें आधीं त्यांस विचारावें.