चौथा रकाना

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात ग्रंथालयाच्या मागं एक कुलूपबंद खोली होती. बंद पडलेले संगणक, जाड काचेचे जुने मॉनिटर, मेलेल्या बॅटऱ्यांचे यूपीएस, दुरुस्तीपेक्षा नवा घेतलेला बरा म्हणून टाकून दिलेले प्रिंटर, सगळं तिथं वर्षानुवर्षं रचलेलं. टाकून द्यावं म्हटलं तरी देता येत नव्हतं. डेडस्टॉक रजिस्टरात नोंदलेली वस्तू निर्लेखन समितीच्या ठरावाशिवाय जागची हलत नाही, आणि समितीची बैठक लावायला कुणाला सवड नसते. आपल्या बऱ्याच महाविद्यालयांत अशी एक खोली सापडेल.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सरांनी ती रिकामी करायचं मनावर घेतलं. 2022 साली जगात सहा कोटी वीस लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला पाव हिस्साही रीतसर रिसायकलिंगला गेल्याची नोंद नाही, हे त्यांनी मुलांना सांगितलं. मुलं कामाला लागली. फाटकाशी पेटी ठेवली, गल्लोगल्ली फिरून रिमोट, चार्जर, मोबाइल, बंद टीव्ही गोळा केले. फुगलेल्या मोबाइल बॅटऱ्या पेट घेतात म्हणून त्या कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवल्या. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो म्हणून त्या न फोडता खोक्यात भरल्या. समितीचाही ठराव झाला. वर्तमानपत्रात फोटो आला. गोळा करणं हा अशा उपक्रमातला सगळ्यांत सोपा भाग, आणि बहुतेक उपक्रम तिथंच संपतात.

माल द्यायचा कुणाला, हा प्रश्न पुढं आला तेव्हा दरपत्रकं मागवली गेली. कार्यालय अधीक्षक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, त्यांनी तुलनात्मक तक्ता केला. त्यात तीन रकाने होते: घेणाऱ्याचं नाव, रक्कम, शेरा. गावाबाहेरच्या भंगार व्यापाऱ्यानं 61 हजार देऊ केले होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या, एमआयडीसीतल्या कारखान्यानं 34 हजार. तेही जुन्या मॉनिटरच्या काचेची विल्हेवाट लावायचा खर्च कापून. तिसरं दरपत्रक अर्धवट भरलेलं होतं, ते बाद झालं.

“ज्याचा दर जास्त, त्याला माल,” भाऊसाहेब म्हणाले. “लेखापरीक्षक दुसरं काही विचारत नाही.”

भाऊसाहेब लोभी नव्हते. मुलींच्या कक्षात वॉटर कूलर नव्हता. घरून आणलेली बाटली दुपारी संपली की पोरी तशाच बसायच्या, हे ते रोज बघत होते. 61 हजारांत कूलर येत होता.

सरांनी नियम काढला. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेले ई-कचरा नियम मोठ्या वापरकर्त्यांना नोंदणीकृत ठिकाणीच माल द्यायला सांगतात. पण मोठा वापरकर्ता कोण, तर वर्षात किमान हजार नग वापरणारा. भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडून मोजणी केली. पंखे-ट्यूबा धरूनही आकडा हजाराच्या आतच राहिला. “बघा सर, आपल्याला लागू नाही.” सरांकडे यावर उत्तर नव्हतं.

मालाचं वजन करायचं काम रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीकडे होतं. तिनं विचारलं, “मॉनिटर तेच, वायरीही त्याच. मग व्यापाऱ्याला सत्तावीस हजार जास्त परवडतात कसे?”

प्रयोगशाळेतल्या मामांना घेऊन ती ते बघायला व्यापाऱ्याकडे गेली. ओढ्याच्या काठाला पत्र्याची शेड. बाहेर वायरींचं भेंडोळं जळत होतं. वरचं प्लास्टिक जळून गेलं की आत तांबं उरतं. ते प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी, त्यात क्लोरीन असतो आणि तो असा उघड्यावर जळला की डायॉक्सिनसारखी जहरं तयार होतात, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. एक बाई हातोडीनं मॉनिटरची मान फोडून तांब्याची कॉइल काढत होती. शिशाची काच तशीच ओढ्यात जात होती. दुसरी तव्यावर सर्किट बोर्ड तापवून, सोल्डर वितळलं की चिप ठोकून पाडत होती. तिच्या तोंडाला पदर गुंडाळलेला होता, मांडीशी लेकरू होतं.

“कॉलिजचा माल कवा येनार?” तिनं विचारलं. मग पदर सोडून म्हणाली, “तू शिकलेली दिसतीस. ह्या धुरात काय असतं गं? रातभर खोकला ऱ्हातो.”

“शिसं असतं, मावशी. आणखीही बरंच. लेकराला इथं घेऊन बसू नका, लहान मुलांच्या मेंदूवर जातं ते.”

“मग लेकरू ठिवू कुठं?”

परत आल्यावर मुलीनं भाऊसाहेबांच्या टेबलावरचा तक्ता ओढून घेतला आणि पट्टीनं चौथा रकाना आखला. वर लिहिलं: दरात न धरलेला खर्च. व्यापाऱ्याच्या नावापुढं तिनं नोंदवलं: वायरींचा धूर, ओढ्याचं पाणी, बायकांचा खोकला, एक लेकरू. कारखान्याच्या नावापुढं: धूर गाळायची यंत्रणा, काचेची विल्हेवाट, दोन्ही दरातच धरलेलं.

“हा रकाना नमुन्यात नाही,” भाऊसाहेब म्हणाले.

“मग ते सत्तावीस हजार कुठल्या रकान्यात दाखवू?”

भाऊसाहेबांनी कागद ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच अक्षरातली टिपणी प्राचार्यांपुढं गेली: सर्वाधिक देकार हा कामगारांच्या आरोग्याची व सार्वजनिक पाण्याची किंमत न मोजता आलेला आहे, सबब तो स्वीकारणे संस्थेस उचित नाही. प्राचार्यांनी सही केली. लेखापरीक्षकाला सामोरं जायची जबाबदारी ज्यांची होती, त्यांनीच हे लिहिलं, म्हणून मला त्या फोटोपेक्षा ही टिपणी मोठी वाटते.

मुलीचं समाधान मात्र झालं नाही. माल कारखान्यात गेला, तर शेडमधल्या बायकांचं काम जाणार होतं. सरांना पुणं आठवलं. तिथं कचरा वेचणाऱ्यांनी 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि त्यातून पुढं ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली. कचऱ्याची पारख त्यांच्याइतकी कुणाला नसते. मग ठरलं: घरोघरी जाऊन माल गोळा करायचा, निवडायचा, गाडीत चढवायचा तो शेडमधल्या बायकांनी, किलोमागं मजुरी महाविद्यालय देईल, त्या 34 हजारांतून. स्क्रू एकही उघडायचा नाही, काही जाळायचं नाही.

कूलर आणखी लांबला. काही मुली चिडल्या. “दरवेळी आमच्याच पाण्यातून का कापता?” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पुढच्या अंदाजपत्रकात कूलर पहिल्या ओळीत घालायचं कबूल झालं. त्या वर्षी मात्र पोरींनी बाटल्याच आणल्या.

दर ठरवायला शेडमधल्या त्या मावशी कार्यालयात आल्या. भाऊसाहेबांनी खुर्ची दिली आणि किलोचा दर सांगितला.

“वजन माझ्यासमोर करायचं.”

“करू.”

“पैसं माझ्या हातात. मालकाच्या न्हाई.”

“तुमच्याच हातात. सही नाहीतर अंगठा, तुमचाच.”

मावशींनी टेबलावरच्या कागदाकडे बघितलं. “आन् आजवरच्या खोकल्याचं औषध कोन देनार, ते बी त्यात लिवा.”