भिंतीवरच्या तसबिरीसाठी

हे स्वर्गीय पित्या,

सीनाय डोंगरावर तू बजावलंस की कोरीव मूर्ती करायची नाही, तिच्या पाया पडायचं नाही. आणि त्याच डोंगरावर मोशेला सांगितलंस की दयासनावर सोन्याचे दोन करूब घडव. या दोन आज्ञांच्या मधल्या जागेत तुझी लेकरं इतकी शतकं भांडत आली आहेत. बादशहांनी चित्रं जाळली, ७८७ साली निकायातल्या धर्मसभेने ती परत लावली, १५२४ मध्ये झुरिकच्या लोकांनी चर्चमधून ती पुन्हा उतरवली. मी पंथाने झुरिककडच्या घराण्यातला. आमच्या मिशनच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या मेजामागे नुसता लाकडी क्रूस आहे, बाकी भिंत चुन्याची. त्या मोकळ्या भिंतीचा आम्हांला थोडा ताठाही आहे, तो तुला ठाऊक आहे.

घरी मात्र बैठकीत येशूची तसबीर. शिकागोच्या वॉर्नर सॉलमन या चित्रकाराने १९४० साली रंगवलेला तो चेहरा: पिंगट केस खांद्यावर, नजर किंचित वर, कपाळावर उजेड. जगभर त्याच्या कोट्यवधी प्रती गेल्या, त्यातली एक आमच्या खिळ्यावर आली. खाली झिरोचा लाल दिवा, नाताळात झेंडूचा हार. परीक्षेला निघताना आई आम्हांला त्या तसबिरीपुढे उभं करायची. ती पूजा होती का, बापा? आईला विचारलं असतं तर तिने कान उपटला असता.

तुझ्या पुत्राचं चित्र काढू नये, असं मला वाटत नाही. दमास्कसच्या योहानाने आठव्या शतकात मांडलेलं म्हणणं मला पटतं: ज्याला देह नव्हता त्याचं चित्र निघत नव्हतं, पण तुझा पुत्र देह घेऊन आला, लोकांच्या डोळ्यांना दिसला. मार्काने तर होडीतली उशीसुद्धा लिहून ठेवली, जिच्यावर डोकं ठेवून येशू वादळात झोपला होता. नाक-डोळे मात्र शुभवर्तमानं लिहिणाऱ्या चौघांपैकी एकानेही लिहिले नाहीत. एवढी मोठी जागा तू मुद्दाम कोरी सोडलीस, असं मी समजतो.

तुझं स्वतःचं चित्र वेगळं. तुला पांढऱ्या दाढीचा म्हातारा करून ढगात बसवणं मला रुचत नाही. मॉस्कोच्या धर्मसभेने १६६७ साली त्याला मनाई केली, ते बरंच केलं. मायकेलँजेलो त्याआधीच चॅपेलच्या छतावर तसाच म्हातारा रंगवून गेला होता. त्याला माफ कर, चार वर्षं त्याची मान अवघडली होती.

पण प्रभू, त्या कोऱ्या जागेत आम्ही एकच चेहरा भरला आणि दार लावून घेतलं. गोव्यात तुझ्या नावाने देवळं पाडली गेली आणि त्यांच्या जागी लाकडी संत आले, तेही परक्या तोंडवळ्याचे. पुढे सांतेस्तेव्हच्या आंजेलो द फोन्सेका या चित्रकाराने शांतिनिकेतनात अवनींद्रनाथांकडे शिकून मरियेला साडी नेसवली, तर त्याच्याच गोव्यातल्या भाविकांना तो अपमान वाटला. त्याने पुणं गाठलं. कॅथलिक माणूस, पण आसरा दिला अँग्लिकनांच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने, आणि १९६७ मध्ये पुण्यातच तो वारला. मूर्तिपूजा नेमकी कुठे होती? मला वाटतं, त्या रागात होती. आपल्या शेजारणीसारखी मरिया बघून ज्याचं डोकं फिरतं, त्याने रंगालाच देव मानलेलं असतं. आमच्या मोकळ्या भिंतीआडही तोच गोरा चेहरा आहे. डोळे मिटून प्रार्थना करतो तेव्हा माझ्यासमोरसुद्धा सॉलमनचाच येशू येतो.

रानातला तो पितळी साप तूच करवून घेतलास, लोक त्याच्याकडे बघून वाचले. पुढे त्याला धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. तुझ्याच हुकमाने घडलेली वस्तू फोडताना त्याचा हात कसा धजला असेल! तसा हात आम्हांला दे, पण तो आधी आपापल्या घरातल्या तसबिरीवर चालू दे, शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यावर नको.

आणि चित्रं काढणारी मुलं दे. आमच्या संडेस्कूलच्या एखाद्या मुलीने येशूला ऊसतोड्यांच्या कोपीत जन्मलेला काढला, मरियेच्या हाताला पाचटाचे ओरखडे दाखवले, योसेफाच्या कमरेला कोयता दिला, तर तिचा कागद कुणी फाडू नये. पंच कमिटीत प्रश्न येईल, हे चर्चमध्ये लावायचं का. काही वडील उठून दहा आज्ञा म्हणतील. मी तिथे असलो आणि मलाही उठावंसं वाटलं, तर आधी तो कागद माझ्या हातात दे आणि बघून होईपर्यंत मला खाली बसव.

येशूच्या नावाने मागतो. आमेन.