वाङ्निश्चयानंतरचे पहिले पाऊल



वाङ्निश्चय होताच घरोघरी मुहूर्त, मंडप व मानपान यांची चर्चा सुरू होते. आपल्या जोयडा तालुक्यात पावसाळा मोठा आणि वाड्या विखुरलेल्या. म्हणून तुळशीविवाहानंतरचा मुहूर्त धरणे सोयीचे, हे सर्वांस ठाऊकच आहे. परंतु पंचांग उघडण्यापूर्वी एक कर्तव्य आहे. उभय व्याह्यांनी एकत्र बसून खर्चाची मर्यादा ठरवावी.

विवाहास खरोखर लागते काय? अग्नीच्या साक्षीने सात पावले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही, जेथे सप्तपदीची रीत आहे तेथे, सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण झाला असे मानले आहे. त्यात वाजंत्री नाही, आहेर नाही, पंक्तींची संख्या नाही. हुंडा तर १९६१ च्या कायद्याने घेणाऱ्याप्रमाणेच देणाऱ्यासही गुन्हा ठरला आहे.

तरीही वधूपिता संकोचाने गप्प राहतो आणि शेत गहाण पडते. ज्या घरची लक्ष्मी आपण आणतो, त्या घरी कर्ज ठेवून परतणे हा कोणता धर्म? म्हणून प्रथम वरपित्याने बोलावे. लग्नाची यादी लिहिताना पहिली ओळ त्याच्या हातची असावी : ‘आम्हांस कन्येवाचून काही नको.’ मग मुहूर्त खुशाल पाहावा. तो शुभच असेल.