सेवेचे वर्ष कोणासाठी?

यहुदी धर्मशास्त्राने दान हा विषय अंतःकरणाच्या लहरीवर कधीच सोडला नाही. तो कायद्याचा आणि कारभाराचा विषय मानला. गावाच्या दानपेटीची वर्गणी दोघांनी मिळून वसूल करावी आणि तिचे वाटप तिघांनी मिळून करावे, असा दंडक सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथाने घालून दिला. आणि बाराव्या शतकात ईजिप्तमध्ये वास्तव्य करून असलेल्या मायमोनिडीजने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, तेव्हा कर्ज, भागीदारी किंवा रोजगार देऊन गरजू माणसावर पुन्हा हात पसरण्याची वेळच न येऊ देणे, ही त्यातली सर्वांत वरची पायरी ठरवली. परंतु या परिपक्व व्यवस्थेत तरुणांचे असे स्वतंत्र स्थान कोठेही नव्हते. विशी-पंचविशीतल्या मुलामुलींनी आयुष्यातले एक वर्ष बाजूला काढून ते गरिबांच्या वस्तीत वेचावे आणि त्या वर्षातून समाजाचे भावी नेतृत्व घडावे, ही कल्पना सर्वस्वी आधुनिक आहे. अमेरिकेतील यहुदी समाजात आज सेवावर्षे, फेलोशिपा आणि नेतृत्वाचे अभ्यासक्रम यांचा जो विस्तार झालेला आहे, त्याचे मूळ पाहायचे तर ग्रंथ मिटून न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या वस्तीकडे वळले पाहिजे.

तेथे १८९३ साली लिलियन वॉल्ड ही पंचविशीतली, सुखवस्तू जर्मन-यहुदी घराण्यात वाढलेली परिचारिका पूर्व युरोपातून आलेल्या बायकांना घरगुती शुश्रूषेचे धडे देत असता, एक लहान मुलगी आपल्या आजारी आईसाठी मदत मागत वर्गात आली. कचऱ्याचे ढीग ओलांडीत आणि चिखलाने माखलेला जिना चढत वॉल्ड तिच्यामागे गेली, तो दोन खोल्यांत सात माणसांचे कुटुंब, त्यांतच ठेवून घेतलेले पोटभाडेकरू, आणि प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने गलितगात्र होऊन मळक्या बिछान्यावर पडलेली बाळंतीण, असे दृश्य तिला दिसले. तिने त्या बाईला स्वच्छ केले, खोली झाडून पुसून काढली. आणि चालू असलेले वैद्यकीय शिक्षण सोडून मेरी ब्रूस्टर या मैत्रिणीसह ती त्या वस्तीतच बिऱ्हाड करून राहू लागली. १८९५ मध्ये जेकब शिफ या धनाढ्य सराफाने हेन्री स्ट्रीटवरचे २६५ क्रमांकाचे घर तिला घेऊन दिले. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत परिचारिका नेमण्याचा जो प्रयोग झाला, तो याच घराच्या खटपटीने. वॉल्डने कोणत्या नेतृत्ववर्गात नाव घातले नव्हते. तिच्या ठायी जे कर्तृत्व प्रकट झाले, ते शेजारी होऊन राहिल्यामुळे झाले. आजारी माणूस रात्री दार ठोठावू शकेल इतक्या अंतरावर तिचे घर होते, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे.

त्यानंतरची पन्नास वर्षे संस्थांची होती. १९१४ च्या ऑगस्टमध्ये तुर्की दरबारी असलेले अमेरिकेचे राजदूत हेन्री मॉर्गेंथाऊ यांनी पॅलेस्टाइनमधील उपासमारीने गांजलेल्या यहुद्यांसाठी ५०,००० डॉलर मागणारी तार याच शिफला पाठवली, आणि त्यातून जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी ही विशाल मदतसंस्था उभी राहिली. दोन महायुद्धांतील तिचे कार्य अफाट आहे. पण ते पगारी, अनुभवी अधिकाऱ्यांच्या दप्तरातून चालणारे कार्य होते. तरुणांच्या वाट्याला वर्गणी गोळा करणे तेवढे उरले.

यहुदी तरुण पुन्हा पुढे आला तो १९६४ च्या मिसिसिपीत. मायकेल श्वर्नर चोवीस वर्षांचा होता आणि त्याच लोअर ईस्ट साइडवरच्या एका सेवागृहात त्याने काम केलेले होते; अँड्र्यू गुडमन विशीतला विद्यार्थी, मेरिडियन गावी पोहोचून त्याला पुरता एक दिवसही झाला नव्हता. कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंदणी व्हावी या मोहिमेत, जाळून टाकलेल्या एका चर्चची पाहणी करून परतताना, २१ जून रोजी या दोघांचा मेरिडियनचाच रहिवासी असलेल्या जेम्स चेनी या कृष्णवर्णीय तरुणासह खून झाला, आणि ४ ऑगस्टला मातीच्या बंधाऱ्याखाली तिघांचे देह सापडले. या हौतात्म्याने पुढच्या पिढीला सेवेचा एक पवित्र आदर्श दिला. त्याच चळवळीने दोनच वर्षांत एक कठोर प्रश्नही उभा केला: बाहेरून आलेल्या गोऱ्या तरुणाने येथे पुढारपण करावे की आपल्याच लोकांत परत जाऊन त्यांची मने पालटावीत? हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही, असे मला मनापासून वाटते.

१९८५ मध्ये अमेरिकन ज्यूइश वर्ल्ड सर्व्हिस स्थापन झाली, १९८७ मध्ये जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटीने तरुणांसाठी परदेशी सेवेची योजना काढली, आणि पाठोपाठ या कल्पनेला एक अनपेक्षित वळण लागले. अमेरिकेतील यहुदी समाजाच्या १९९० च्या पाहणीत, १९८५ नंतर विवाह केलेल्या यहुद्यांपैकी ५२ टक्क्यांनी धर्माबाहेर विवाह केल्याचा आकडा निघाला. त्याच्या हिशेबाविषयी तज्ज्ञांत पुढे वाद झाले, पण भय पसरायचे ते पसरले. समाज टिकेल काय, ही चिंता दात्यांच्या बैठकांत सर्वोपरी झाली. तरुणांना इस्रायलची विनामूल्य यात्रा घडवण्याची प्रथा १९९९ मध्ये सुरू झाली ती याच चिंतेपोटी, आणि सेवेच्या योजनांनाही द्रव्यसाहाय्य मिळू लागले ते बव्हंशी सेवा करणाऱ्याचे यहुदीपण बळकट व्हावे या आशेने. आपल्या मुलांनी आपले राहावे ही इच्छा स्वाभाविकच आहे; पण ज्या क्षणी गरिबाची झोपडी ही दुसऱ्याच्या मुलाची पाठशाळा होते, त्या क्षणी हिशेबाच्या वहीत जमेच्या बाजूला कोणाचे नाव लिहायचे, हे स्वच्छ सांगितले गेले पाहिजे. रब्बी डेव्हिड रोझेन यांनी १९९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या अवोदा या संस्थेने यातून एक मार्ग काढला. तरुणांनी वर्षभर एका घरात सामुदायिक जीवन जगावे, दिवसा निर्वासितांच्या, बेघरांच्या, कायदेशीर मदतीच्या संस्थांत पूर्ण वेळ चाकरी करावी आणि सायंकाळी धर्मग्रंथ व दारिद्र्याची कारणे यांचा एकत्र अभ्यास करावा, अशी ती रचना आहे. हेन्री स्ट्रीटवरील बिऱ्हाडाची परंपरा मला येथे पुन्हा जोडलेली दिसते.

मुंबईपुरते बोलायचे तर येथल्या बेने इस्राएल यहुद्यांना ही परंपरा परकी नाही. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये आपल्या समाजासाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. डॉ. जेरुशा झिराड शिष्यवृत्तीच्या बळावर लंडनला वैद्यक शिकल्या, तेथे कामकरी मुलींचे मंडळ चालवणाऱ्या लिली माँटेग्यू यांच्या सहवासात आल्या, आणि मायदेशी परतून त्यांनी १९२५ मध्ये ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन केली. कामा रुग्णालयाची धुरा वाहताना मुंबईतील मातामृत्यूंच्या कारणांची त्यांनी जी तपासणी केली, तिचा लाभ सर्व जातिधर्मांच्या स्त्रियांना होणार होता. शिष्यवृत्तीचे याहून चांगले सार्थक मला ठाऊक नाही.

२०१२ पासून कळव्याच्या झोपडवस्तीत गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई ही संस्था काम करीत आली आहे. इस्रायल, अमेरिका आदी देशांतील यहुदी तरुण येथे येऊन मुलांना शिकवतात आणि मुदत संपली की परत जातात. मात्र त्या मुलांचे गरम जेवण वस्तीतल्याच बायका रांधतात, त्यातून त्यांच्या हाती पैसा येतो, आणि ‘मसाला मामाज’ या नावाने त्यांच्या पाककृतींचे पुस्तकही निघाले. येणाऱ्या तरुणाविषयी मला आदर आहे. तथापि त्या वस्तीचे नेतृत्व चुलीपाशी उभ्या असलेल्या या बायकांकडे आहे, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितले जावे. अमेरिकन ज्यूइश वर्ल्ड सर्व्हिसने पूर्वी तरुणांना भारतात व अन्यत्र सेवेला धाडण्याचा जो उपक्रम चालवला होता, तो पुढे थांबवून स्थानिक संस्थांना द्रव्य पुरवणे आणि आपल्या तरुणांना अमेरिकेतच कायदेमंडळासमोर त्यांची बाजू मांडण्याचे शिक्षण देणे पत्करले; हा निर्णय मला धाडसाचा आणि योग्य वाटतो. जेथे तरुणांना अजून दूरदेशी पाठवायचे आहे, तेथे त्यांच्या निवडीच्या मंडळावर आणि वर्षअखेरीच्या अहवालावर अभिप्राय देणाऱ्यांत, ज्यांच्या दारी ते जाणार आहेत त्या वस्तीतली माणसे मताधिकारासह बसली पाहिजेत, आणि त्यांनी नको म्हटले तर ती नेमणूक रद्द झाली पाहिजे.