सांभाळणारे फडावर, म्हातारी तांड्यावर

दिवाळी झाली की जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात, चार-सहा महिन्यांसाठी जातो. मुलांची शाळा बुडू नये म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना काढली. योजना गरजेचीच आहे, पण ती एका गृहीतावर उभी आहे: पालक गेले तरी घरी आजी-आजोबा आहेत, पोरांवर त्यांची नजर राहील. त्या आजीलाच चूल पेटवल्याचे आठवत नसेल, तर काय करायचे?

जगभर स्मृतिभ्रंशावर जे संशोधन चालते त्याचे गृहीत नेमके उलटे आहे. रुग्णाशेजारी एक सांभाळणारा माणूस आहे, तो थकतो, त्याला आधार द्यायचा, असे धरूनच पुढचे सगळे चालते. दोन्ही गृहीतांतून निसटलेली ही म्हातारी तांड्यावरच्या ओट्यावर बसलेली असते.

अशा किती असतील? ‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश असल्याचा तो अंदाज आहे. पुरुषांपेक्षा बायकांत, शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. जालन्याची लोकसंख्या २०११ मध्ये १९.५९ लाख होती. दहात एक साठीपुढचा धरला, तर ढोबळ हिशेबाने चौदा हजारांच्या आसपास माणसे निघतात. इतकी माणसे जिल्ह्यातल्या दवाखान्यांत दिसत नाहीत, कारण घरात त्याला आजार म्हणतच नाहीत. वय झाले, चळ लागला, नाहीतर कुणीतरी काहीतरी केले, एवढ्यावर विषय संपतो.

ओळखायचे कसे, हाही सोपा प्रश्न नाही. परदेशी चाचणीत आजची तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, कागदावरची ओळ वाचून तसे करा म्हणतात. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला या चाचणीने वेडे ठरवणे सहज शक्य आहे. तिला तारीख कधीच माहीत नव्हती. अमावास्या कधी, बाजार कोणत्या वारी, मृग निघाला का, हे मात्र ती झोपेतही सांगेल. हरियाणातल्या बल्लभगड परिसरात १९९०च्या दशकात भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी ही अडचण ओळखून हिंदी चाचणी घडवली. वाचायच्या ओळीऐवजी ‘माझ्याकडे बघा आणि मी करतो तसे करा’, सातांऐवजी विसातून तीन-तीन वजा. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक भाषांसाठी चाचणीसंच करायला घेतला. त्यातल्या पहिल्या पाच भाषांत मराठी नव्हती. गोरमाटी बोलणाऱ्या बंजारा तांड्यांची तर गोष्टच सोडा.

आजार ओळखल्यावर काय करता येते, याचा आपल्या जवळचा भरवशाचा दाखला गोव्याचा आहे. तिथे ‘संगात’ संस्थेशी जोडलेल्या संशोधकांनी ८१ कुटुंबांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले. एका गटाच्या घरी सहा महिने नियमित कुणीतरी जात राहिले. जाणारे डॉक्टर नव्हते. स्थानिक भाषा बोलणारे, थोडके प्रशिक्षण घेतलेले गृहसल्लागार होते, पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ. ते काय करत? हा आजार आहे, हट्ट नव्हे, हे समजावत. रात्री उठून दार उघडणाऱ्या माणसाशी कसे वागायचे, आंघोळीला नको म्हणणाऱ्याला कसे वळवायचे, घरातल्या बाकीच्यांनी कोणते काम वाटून घ्यायचे, सरकारी मदत कुठे मागायची, हे बोलत. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले: सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले, रुग्णाच्या विचित्र वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. रुग्णाच्या रोजच्या क्षमतेत मात्र ठळक फरक पडला नाही. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो. आजार मागे फिरत नाही. घर मोडायचे थांबते.

तंत्रज्ञानाचा उत्साह याच कसोटीवर घासून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘आयसपोर्ट’ हा सांभाळणाऱ्यांसाठीचा ऑनलाइन कार्यक्रम भारतात आजमावला गेला, तेव्हा नाव नोंदवलेल्यांपैकी बहुतेक जण शेवटपर्यंत टिकले नाहीत. फडावर पहाटे कोयता हाती घेणारी सून रात्री खोपीत मोबाइलवर धडे वाचेल, ही कल्पनाच करवत नाही. गळ्यात अडकवायचे जीपीएस यंत्र हरवलेल्या माणसाचे ठिकाण सांगेल खरे. पण ते ठिकाण पाहून धावायचे कुणी? आणि ते गळ्यात घालायला म्हातारीची संमती कुणी, कशी घ्यायची? त्यापेक्षा साधी साधने आधी पोचवावीत. २०२४च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ जोखमींत ऐकू कमी येणे आणि उपचाराविना राहिलेले दृष्टिदोष मोजले आहेत. म्हणजे श्रवणयंत्र आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हेही या आजाराचे तंत्रज्ञानच. त्यावर परिषद भरत नाही, इतकेच.

मनाला उजाळा देणारी गटसत्रे ब्रिटनमध्ये तयार झाली, एकूण १४ सत्रांची. चेन्नईत ‘स्कार्फ’ संस्थेने ती तमिळ वृद्धांसाठी बसवून घेतली. जालन्यात ती बसवायची तर साहित्य इथलेच हवे. मुलाचे नाव चुकणाऱ्या बाईला जात्यावरची ओवी अनेकदा सलग येते. बंजारा आजीच्या हाती आरसे-कवड्यांचे कापड दिले, की बोटे टाक्याची जागा शोधू लागतात. हे कोणत्या आजीला जमते, कोणत्या टप्प्यापर्यंत जमते, त्यातून तिचा दिवस किती शांत जातो, हे मोजण्यासारखे संशोधन आहे, आणि ते मुंबईत बसून होणार नाही.

सहयोगी संशोधन म्हणजे दोन विद्यापीठांतला सामंजस्य करार, अशी आपल्याकडची समजूत. युरोपात २०१२ पासून स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांचाच एक कार्यगट आहे. संशोधकांनी काय विचारावे हे ती माणसे सांगतात. जालन्यात सुरुवातीला घरच्यांना आणि आशाताईंना बरोबरीने बसवले, तरी पुष्कळ झाले. आता जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयही मंजूर आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आला, तेव्हा घरोघर जाऊन नैराश्याची विचारपूस करण्याचे काम आशांनीच केले. तीच वाट स्मृतिभ्रंशाला चालेल. पण फुकटात नाही. २०२४च्या सुरुवातीला मानधनवाढीसाठी आझाद मैदानावर बसलेल्या बायकांच्या रजिस्टरात आणखी एक रकाना वाढवायचा आणि त्याला लोकसहभाग म्हणायचे, हा ढोंगीपणा संशोधकांनी तरी करू नये. आशाताईच्या प्रत्येक भेटीचा मोबदला प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत हवा.

आणि अभ्यासाचे वेळापत्रक इथल्या कॅलेंडरने चालावे. पहिली फेरी दसऱ्याआधी, सगळे घरी असताना. दुसरी पौषात, दारांना कुलपे असताना. तिसरी पाडव्यानंतर, टोळ्या परतल्यावर. दुसऱ्या फेरीत म्हातारीला दोन वेळची भाकरी कोण देते, तर बहुधा शेजारची, जी फडावर गेली नाही. नात्याची नाही, नोंदीत नाही. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात हत्तीमागे भटकत गेलेल्या पंडिताला सांभाळते ती माहुताची बायको, त्याच्या आजाराचे नावही तिला ठाऊक नसते. तशी ही शेजारीण. प्रश्नावलीत ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना असतो आणि त्यात पत्नी, मुलगा, सून, मुलगी एवढेच पर्याय असतात. तिथे शेजारणीचा पर्याय घालावा, प्रशिक्षणाला तिला बोलवावे, आणि त्या चार-सहा महिन्यांचे पैसे तिच्या खात्यात जमा करून पुढच्या हंगामात किती घरांत फरक पडतो ते पाहावे.